कार्यक्षमतेच्या गुरुवर्यांस, म्हसवडहून

प्रति,
मा. कार्यक्षमता-सल्लागार महोदय,
मुक्काम बहुधा दार बंद होणारी खोली

मुलं सांभाळत घरून काम कसं उरकावं, याबद्दलचे आपले नियम आमच्या म्हसवडपर्यंत पोचले. माण तालुक्यात पाऊस वेळेवर येत नाही, टँकर त्याच्या मर्जीने येतो. सल्ला मात्र न मागता घरपोच मिळतो. आभारी आहे. मी पुण्याच्या एका कंपनीची बिलं इथे घरी बसून तपासते. थोरला दुसरीत आहे, धाकटी अजून अंगणवाडीच्या वयाची. आपले नियम श्रद्धेने पाळून पाहिले, त्याचा अहवाल सादर करते.

नियम पहिला: स्वतंत्र खोली, बंद दार. आमच्याकडे सोपा आहे, माजघर आहे, चूल आहे. कडी लागणारं दार एकच, आणि ती कडी शेळी आत शिरू नये म्हणून. तरी लावली. बाहेरून धाकटीने विचारलं, "आई, आत एकटी काय खातीस?" त्यावर कंपनीच्या मीटिंगमधले सगळे हसले. बंद दाराची महती जगाने मार्च २०१७ मध्येच पाहिली आहे. दक्षिण कोरियातले प्राध्यापक रॉबर्ट केली घरून बीबीसीला मुलाखत देत होते. आधी लेक ठुमकत आत आली, मागून पांगुळगाड्यातलं बाळ आलं आणि त्यांच्यामागून घसरत त्यांची पत्नी आली. तिने दोघांना ओढून बाहेर नेलं. मुलाखत पूर्ण झाली. सगळं जग मुलांकडे बघून हसलं. ती पूर्ण कोणामुळे झाली, हे आपल्या नियमांत कुठे दिसलं नाही.

नियम दुसरा: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना शोधली. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ वापरलं. तसलं घड्याळ आमच्या बाजारात मिळालं नाही. टोमॅटो मिळाले, त्यांची चटणी केली. पंचवीस मिनिटं मात्र नेमाने लावते. ती साधारण चौथ्या मिनिटाला "शू आली" या घोषणेने संपतात. मग विश्रांतीच्या पाच मिनिटांत कुकर लावणे, शेळीला पाणी दाखवणे आणि थोरल्याचा सातचा पाढा ऐकणे एवढं सहज बसतं.

नियम तिसरा: मुलांच्या आधी उठा, पहाटे पाचला. उठले. आमच्या घरातल्या आत्याबाई आधीच उठून शेण काढून चुलीपुढे बसलेल्या. त्यांना आपले नियम वाचून दाखवले. त्यांनी मन लावून ऐकले आणि एवढंच विचारलं, "ह्यो बाबा हे लिवत हुता, तवा त्याची पोरं कोन बघत हुतं?"

महोदय, हा प्रश्न असंस्कृत आहे, हे मी त्यांना लगेच समजावलं. पण तो डोक्यातून जाईना. आपले नियम परत वाचले, तर सगळ्यांच्या मागे एक माणूस उभं दिसलं. दार आतून बंद करायचं, तर बाहेर कोणीतरी मूल धरून बसलेलं हवं. पंचवीस मिनिटं अखंड हवीत, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसातून कापून आणावी लागतात. त्या कोणालातरी नाव नाही, पगार नाही, आणि आपल्या यादीत क्रमांकही नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात ही 'कोणीतरी' थोडी सापडते. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हे पुरुषही घरकामाला हात लावणारे. न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. आपल्या हिशेबाने, पंचवीस मिनिटांचा एक टोमॅटो धरला, तर बाईचे रोज साडेअकरा टोमॅटो झाले. जनगणनेत मात्र नुसतं घर सांभाळणारी बाई 'काम न करणाऱ्यां'त मोडते.

घरून काम आमच्या गावात नवं नाही. म्हसवडचं घोंगडं प्रसिद्ध आहे. घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या मागाचा खड्डा घरातच असतो. बायका लोकर पिंजतात, सूत कातायला बसतात, चिंचोक्याची खळ शिजवतात, आणि पोर तिथेच लोकरीच्या ढिगात लोळत असतं. कार्यक्षमतेवर बोलायला त्यांना कोणी बोलावल्याचं ऐकिवात नाही.

काम करणाऱ्या आईचं मूल कोणीतरी बघावं लागतं, हे कायद्यालाही कळतं, पण ते ऑफिसच्या दारापर्यंत. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. मी घरून काम करू लागले आणि माझ्यापुरतं हे पाळणाघर आत्याबाईंच्या मांडीवर आलं. भाडं, वीज, दूध, सगळं आमचं. चार वेळांची मर्यादाही उरली नाही.

आता दुष्काळी कामाकडे या. तिथे लॅपटॉप नसतो, पाटी-फावडं असतं. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या मूळ अनुसूचीत लिहिलं होतं: कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं बघायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. प्रत्यक्षात किती मुकादमांनी ते पाळलं, ते माती उचलणारीला विचारा. पण मूल बघणं हे काम आहे आणि कामाला मजुरी असते, एवढं तरी त्या कागदाला कळलं होतं. मातीकामाच्या कायद्याला सुचलं ते वातानुकूलित कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला सुचू नये, हे नवल.

आणखी एक उदाहरण आमच्याच गावचं. १९९७ मध्ये इथे चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत यायचं तर रोजगार बुडतो, अशी बायकांची अडचण होती. बँकेने त्यांना वेळेच्या नियोजनावर व्याख्यान दिलं नाही. बँकेची माणसं पैसे गोळा करायला त्यांच्या दारात गेली.

तेव्हा माझ्या विनंत्या दोनच. एक, यापुढे आपल्या प्रत्येक सल्ल्याच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापावं: हा मजकूर लिहिताना लेखकाची मुलं कोणापाशी होती आणि त्यांना बघणारीला काय दिलं. दोन, आपले नियम मला न पाठवता माझ्या कंपनीला पाठवावेत आणि त्यात एकच नियम असावा: घरून काम करणारीच्या मुलांना बघणारीची मजुरी कंपनीने द्यावी. मग मी दार लावून पंचवीसच काय, पन्नास मिनिटं बसेन.

आपली आज्ञाधारक,
एक घरबसली
म्हसवड, ता. माण, जि. सातारा

ता. क. हे पत्र एका बैठकीत लिहून झालं, म्हणजे आपली पद्धत यशस्वी आहे. मुलं आत्याबाईंकडे होती. त्यांची हजेरी सोबत जोडली आहे. दर आपणच ठरवून कळवावा, मागील बाकीसह.