जावक क्रमांक सांगा

मराठी मध्यमवर्गीय माणसाला त्याचा पगार विचारून बघा. ‘भागतं आपलं’ यापलीकडे त्याच्या तोंडून एक आकडा बाहेर पडणार नाही. फ्लॅट केवढ्याला घेतला हे सख्ख्या मेहुण्याला कळू नये म्हणून तो खरेदीखत कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतो आणि किल्ली जानव्याला बांधतो. हाच माणूस झेरॉक्सच्या दुकानात गेला की काउंटरवर चिकटवलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं बिनदिक्कत पाठवून देतो. ‘दोन-दोन कॉपी काढ रे.’ कॉपी मिळाल्या की तो घरी जातो, कागदपत्रं मात्र दुकानदाराच्या फोनमध्येच मुक्कामाला राहतात. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं, हे त्याला सांगून उपयोग नसतो. ‘आपल्याकडे आहे काय चोरण्यासारखं?’ असं तो विचारतो. मेहुण्यापासून काय लपवलंय, ते तेवढ्यापुरतं विसरतो.

गुप्तता पाळणारे लोकही आहेत. आमचे बाबा त्यांपैकी. एटीएमचा पिन कुणाला कळू नये म्हणून त्यांनी तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर ‘सुतार’ या नावापुढे लिहून ठेवला होता. पुढे स्वयंपाकघरातल्या फडताळाचं दार निखळलं. आईने कॅलेंडर उलटलं, बघते तर सुताराच्या नंबरात चारच आकडे. मग तिने गॅलरीत जाऊन शेजारच्या काकूंना मोठ्याने विचारलं, “अहो, तुमच्याकडे सुताराचा पूर्ण नंबर आहे का? माझ्याकडे नुसते पहिले चारच आहेत.” आणि ओळख पटावी म्हणून ते चारही वाचून दाखवले. त्या संध्याकाळी बाबा न बोलता एटीएमकडे गेले आणि पिन बदलून आले. आता कॅलेंडरवर ‘गवंडी’ आहे.

अशा घराण्यात माझी आत्या जन्मली, हे चोरांचं दुर्दैव. आत्या तहसील कार्यालयात आवक-जावक टेबलावरून निवृत्त झाली. एका शनिवारी मी तिच्याकडे पोहे खात बसलो असताना तिला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, आवाजात जरब. आपके नाम का पार्सल पकडा है, उसमें ड्रग्ज है, आधार आपका है, आप डिजिटल अरेस्ट में हैं.

आत्याने चष्मा लावला.

“अरेस्ट का आदेश निकला है?”

“जी हाँ.”

“उसका जावक क्रमांक बोलो.”

“क्या?”

“जावक! कागद जिस नंबर पे ऑफिस के बाहर गया, वो. और दिनांक.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग जरब वाढली. “मॅडम, कॅमेरे के सामने से हिलना नहीं. किसी को बताना नहीं. अभी के अभी पैसा सरकारी खाते में डालिए, जाँच के बाद वापस मिलेगा.”

“अभी के अभी?” आत्याला हसू आवरेना. “सरकारी काम, और शनिवार को, और अभी के अभी? तुम्हारे टेबल पे एक फाइल नाही, चाय का कप नाही, बीच में कोई सही लेने को आता नाही. कौन से ऑफिस में बैठे हो तुम?”

फोन बंद झाला. “ठेवला मेल्याने,” आत्या म्हणाली. “तू पोहे घे अजून.”

डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठेच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. तरी डॉक्टर, इंजिनिअर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं फसतात, कारण ‘साहेब बोलतोय’ म्हटलं की आपण खुर्चीतून अर्धे उठतोच. चोराला पासवर्ड फोडायची गरज पडत नाही, त्याला आपली फक्त घाई हवी असते. वीजबिल भरा, नाहीतर आज रात्री साडेनऊला लाइट कापणार. केवायसी आत्ता करा, नाहीतर खातं बंद. लग्नाची पत्रिका पाठवलीय, उघडा. आणि ती पत्रिका असते एपीके, म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप. कोणाचं लग्न हे विचारायलाही आपण थांबत नाही, न जाणो आहेराचं राहून जायचं! ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण आपण आयुष्यभर कुरकुरत म्हटली. खात्यातल्या पैशांना याहून चांगला पहारेकरी नाही, हे आत्याने दाखवून दिलं.

आत्याचे नियम कार्यालयीन आहेत. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं, त्याचं नाव ‘किरकोळ रोकड’, त्यात भाजी-औषधापुरते पैसे. पेन्शनच्या खात्याला यूपीआयचा वारा लागू द्यायचा नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. तेव्हा ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणाऱ्याला चहाही विचारायचा नाही.

एका बाबतीत मात्र मी तिच्याशी वाद घातला. पैसे गेलेच, तर तिथे सहा महिने काय, सहा मिनिटंही थांबायचं नाही. चोर ते पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवत असतात. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. बँकेलाही तेव्हाच कळवायचं. चूक ना आपली ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात सांगितलं. ओटीपी आपणच दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, असंही त्यात होतं. आत्याने विचारलं, “परिपत्रकाला क्रमांक आहे?” आहे म्हटल्यावर तिने 1930 हा आकडा फ्रिजवर लिहिला. उघड, सुतार-गवंड्याशिवाय.

आता पंचाईत झालीय ती खऱ्या बँकेची. केवायसीसाठी शाखेतून एका मुलीचा फोन आला. “आजी, मी खरंच बँकेतून बोलतेय.” “सगळे तसंच म्हणतात गं बाळ. लेखी पाठव.” मुलगी बिचारी गुणी निघाली. आठवड्याभरात रीतसर पत्र आलं. त्यावर शिक्का होता, सही होती, जावक क्रमांकसुद्धा होता. आत्याने ते दोनदा वाचलं, लाल पेनने कोपऱ्यात शेरा मारला आणि शाखेत नेऊन देण्यासाठी माझ्या हातात ठेवलं: ‘दिनांक नमूद नाही. त्रुटी पूर्ततेसाठी परत.’