केबीदा

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीचा फोटो ग्रुपवर आला, की पहिला अभिप्राय ठरलेला: "बाप्पा सहा एमबीचे? पंचवीस केबीत आरामात बसतील." हे केबीदा. मूळ आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. माणूस मराठी, 'दा' कोलकात्यानं चिकटवलेला.

काम दूरशिक्षणाचे पाठ बांधण्याचं. विद्यार्थी सुंदरबनातले, तिथे नेटवर्क भरतीला येतं की ओहोटीला, हे गावकऱ्यांनाही अजून ठरवता आलेलं नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पहिल्या मोजक्या शहरांत कोलकाता होतं. त्या मोडेमच्या चिरचिराटात आपली मुंज झाली, असं केबीदा सांगतात. भिक्षावळ अजून चालू आहे.

प्राध्यापक मंडळी त्यांना कसाई म्हणतात. एकानं पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान आणलं, ७०० एमबी. केबीदांनी आधी चित्र उडवलं. मग आवाज मोनो करून सेकंदाला १६ किलोबिटवर आणला. साडेपाच एमबी झाले. तरी समाधान नाही. कानाला हेडफोन लावून खाकरणं, घोटभर पाणी पिणं, 'तर मी काय म्हणत होतो' हे सगळं कापलं आणि साडेचारावर थांबले. प्राध्यापक ऐकून म्हणाले, "माझं व्यक्तिमत्त्वच गेलं." केबीदा म्हणाले, "होय, एक एमबी होतं."

अक्षरांवरही त्यांची नजर होती. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत आपलं किंवा बंगाली एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'लक्ष्मी' लिहायला एकवीस बाइट. रोमनमध्ये तीच सातात उरकते. मग बंगाली पाठ रोमन लिपीत द्यावेत, असं ते एकदा भर बैठकीत बोलून गेले. कोलकात्यात! चहाचे कप खाली ठेवले गेले. त्यानंतर लक्ष्मी एकवीस बाइटांचीच राहिली.

घरी फायबर आहे, पण राउटरला यांनी सेकंदाला ६४ किलोबिटचा लगाम घातलाय. विद्यार्थी भोगतो ते आपल्यालाही कळायला नको? वहिनी मालिका बघायला खालच्या मजल्यावरच्या माशीमांकडे जातात. "एकादशी निदान पंधरा दिवसांनी येते," म्हणतात.

२० मे २०२० ला अम्फान आलं. तारा गेल्या, टॉवर गेले, आणि कमी केबीचा पाठही जड झाला. तेव्हा केबीदांना भटभटी सापडली. आपली फटफटी रस्त्यावर धावते, बंगाल्यांची भटभटी पाण्यावर. इंजिन लावलेली नाव. सियालदहून लोकलनं कॅनिंग, पुढे गोदखालीचा घाट आणि तिथून नदीपार गोसाबा. खिशात ३२ जीबीचं कार्ड. "अहो, हेच ६४ च्या वेगानं उतरवायचं तर शेहेचाळीस दिवस लागतात, आणि नाव पाच-दहा मिनिटांत पैलतीरी!" वर्षानुवर्षं केबी वाचवणाऱ्या माणसाला एवढी उधळण सोसवेना. कार्डावर पाठ तेच, साडेचार-साडेचार एमबीचे. बाकी जागा कोरी. "असू द्या," म्हणाले, "पूर आला तर?" कार्डात पूर कसा येणार, हे मी विचारलं नाही.

तिथल्या एका मुलीनं मात्र त्यांना अडवलं. सगळं ऐकू येतं सर, पण शिकवतं कोण ते कधी दिसत नाही. केबीदा दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी पहिल्या पाठावर स्वतःचा फोटो डकवला, चार केबीचा. पुढच्या खेपेला घाटावर ती पोरगी त्यांच्या तोंडाकडे आणि फोनकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"सर, हे तुम्ही, की मामा?"

सुंदरबनात मामा म्हणजे वाघ.

त्या रात्री केबीदांनी फोटो नऊ केबीचा केला. मला फोन करून सांगितलं, "पाच केबी नुसत्या चष्म्याला गेले हो."