सत्याची उपसा योजना

कराडजवळच्या टेंभूचे नाव सांगलीकर आज घेतो ते पाण्यासाठी. कृष्णेचे पाणी टेंभूला उचलायचे, टप्प्याटप्प्याने चढवायचे आणि खानापूर-आटपाडीच्या कोरड्या शिवारात सोडायचे. वीजबिल थकले की पंप बंद. याच टेंभूत 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. बदनामीच्या कायद्यात सत्य वर चढवायला किती टप्पे लागतात, ते त्यांनी योजनेच्या शंभर वर्षे आधीच अनुभवले होते.

आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असे दोन्ही पत्रांनी हाती आलेल्या कागदांवर विसंबून लिहिले. बर्व्यांनी फिर्याद ठोकली आणि कागद बनावट निघाले. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये चार महिन्यांची कैद झाली. पैकी 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्याआधी जामीन राहिले रामशेठ उरवणे, तेही ज्योतिराव फुल्यांच्या शब्दाखातर. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. बातमी कोल्हापूरची, खटला मुंबईचा. एक आरोपी आणि शब्द टाकणारा मात्र मूळचे साताऱ्याचे!

तेव्हाचे दंड संहितेतले बदनामीचे कलम 499 आज भारतीय न्याय संहितेत 356 झाले आहे. टप्पे तेच.

पहिला टप्पा सत्याचा. छापले ते खरे, म्हणजे सुटलो, असे वार्ताहराला वाटते. कायदा म्हणतो, थांबा. ते छापणे लोकहिताचे होते हेही दाखवा. सत्य शाबीत करता आले नाही, तर दुसरा टप्पा सद्भावाचा. इथे सद्भाव म्हणजे मनाचा चांगुलपणा नव्हे, रीतसर काळजी आणि लक्ष. कागद कुणाकडून आला, तपासला का, समोरच्याला विचारले का? आगरकर-टिळक इथेच अडकले. आणि हे सगळे शाबीत करायचे ते आरोपीने.

आता समजा, विट्याच्या एखाद्या वार्ताहराने रस्त्याच्या डांबराबद्दल चार ओळी दिल्या. आठवड्यात वकिलाच्या नोटिशीचा लिफाफा दारात. ‘आमचे अशील हे समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती असून’ इथवर वाचले की पुढचे कळतेच. भरपाईच्या आकड्यात त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा जास्त शून्ये. फौजदारी झालीच, तर लोकहिताचा बचाव आहे ना? आहे की. पण तो साक्षीपुराव्याच्या वेळी. तोवर तारखांसाठी एसटीच्या खेपा आणि वकिलाची फी, हे या योजनेचे वीजबिल. पंप इथे बंद पडतो. डांबर पानावरून नाहीसे होते आणि त्या जागी साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात येते.

ज्या गोऱ्या साहेबाने हे कलम आपल्याला दिले, त्याने इंग्लंडात फौजदारी बदनामी 2010 मध्ये मोडीत काढली. 2013 च्या कायद्याने तर, मजकूर छापणे लोकहिताचे आहे असे पत्रकाराने वाजवीपणे मानले असेल, तर दिवाणी दाव्यातही त्याला बचाव दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल निकालात सरकारी अधिकाऱ्यांच्या भरपाईच्या दाव्यांना लगाम घातला खरा. पण 2016 मध्ये फौजदारी कलम घटनेला धरूनच असल्याचा निर्वाळा दिला.

नव्या संहितेने दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड कायम ठेवून शिक्षेत एका पर्यायाची भर घातली आहे: समाजसेवा. लोकहिताची बातमी दिली हे ज्याला शाबीत करता आले नाही, त्याला न्यायालय आता लोकहिताचे काम शिक्षा म्हणून देऊ शकते.