बारा व्होल्टचा रुसवा

इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात तीन-चारशे व्होल्टची बॅटरी, पडद्यावर चार्ज ८० टक्के. तरी बटण दाबल्यावर कधी सुरू, कधी नुसतीच टिकटिक. कारण मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे काँटॅक्टर चालतात साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती मलूल झाली, की कोठारं धान्यानं भरलेली आणि किल्ल्या झोपलेल्या दिवाणजीच्या कनवटीला!

कोल्हापुरात रंकाळ्यावर अशी गाडी बंद पडली, की चार जण धावत येतात. "धक्का मारूया काय?" भावा, हिला क्लच नाही, ही धक्क्यानं सुरू होत नसती. हे ऐकून कोल्हापूरकराचा निम्मा आत्मविश्वास जातो. शिवाजी उद्यमनगरात आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे मिस्त्री आहेत. पण इथं ऐकायचं काय?

सर्व्हिस सेंटरच्या दारात मात्र ती पहिल्याच बटणाला सुरू. लॅपटॉप जोडून पोरगा सांगतो, "साहेब, एररच दाखवत नाही." मग सॉफ्टवेअर अपडेट, मग बिल. छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावावा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडावी, हे कुणाला सुचत नाही. त्याला पाना लागतो, आणि हात काळे होतात.