पितामह आणि हमाली

बेस क्लासचं नाव मी ‘पितामह’ ठेवलं, तिथेच घात झाला. साधं ‘सेटिंगपान’ ठेवलं असतं तर अपेक्षाही साध्या राहिल्या असत्या.

काम एवढंसं होतं. नंदुरबारातल्या एका मिरची व्यापाऱ्याच्या पेढीसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर. त्यात सेटिंगची पानं सहा: प्रिंटर, भाषा, काटा, अडत, हमाली-तोलाई आणि बॅकअप. प्रत्येक पानाला तीच बटणं. ती सहादा लिहिण्यापेक्षा एकच बेस क्लास लिहावा आणि सहा पानांनी त्याचा वारसा घ्यावा, इथपर्यंत डोकं ठिकाणावर होतं.

पण पुण्यात सात वर्षं नोकरी करून गावी आलेल्या माणसाला एक आजार असतो. समोर पेढी असली तरी त्याला रिझर्व्ह बँक दिसते. उद्या शहाद्याला शाखा निघाली तर? परवा हिशोबाची पट्टी जपानीत छापायची वेळ आली तर? असं करत पितामहाच्या अंगावर एक्केचाळीस फंक्शनं चढली. त्यातली बहुतेक ‘निव्वळ आभासी’. प्रोग्रामर नसलेल्यांसाठी सांगतो: बापाने लग्नाची पत्रिका छापायची आणि मांडवाचा खर्च पोराने करायचा, याला निव्वळ आभासी फंक्शन म्हणतात. असल्या क्लासची स्वतःची वस्तू कधी तयार होत नाही. भीष्माचं तेच. प्रतिज्ञा त्याच्या, ताप पुढच्या पिढ्यांना. बिचाऱ्या प्रिंटरच्या पानाने एक्केचाळीसपैकी छत्तीस फंक्शनं रिकामीच ठेवली. शाळेत गृहपाठ न करणारी पोरं वहीत नुसती तारीख आणि विषय लिहायची, तशी.

इथे नवापूर स्टेशनचा विषय काढणं भाग आहे. (भाग नाही, असं बायको म्हणते. तिने हे नऊ वेळा ऐकलंय.) १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पण स्टेशन आधीच बांधलेलं. हद्द गेली ती थेट फलाटावरून. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत. आणि तो बाक! अर्ध्यावर एका राज्याचं नाव, अर्ध्यावर दुसऱ्याचं. एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला नाही. मधोमध बसलेल्या माणसाने कुठल्या मुख्यमंत्र्यांवर चिडायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मी मुद्दाम गाडी सोडून त्या बाकावर अर्धा तास बसलोय. एकदा डाव्या राज्यात, एकदा उजव्या. दोन्हीकडे पाठ सारखीच दुखते. बाकाने ‘बसा’ एवढंच कबूल केलंय, आणि ते तो पाळतो. कायदेकानून ज्याच्या त्याच्या राज्याकडे. याहून चांगला बेस क्लास मी पाहिलेला नाही. पण हे मला सुचलं उशिरा, पितामह पेढीवर रुजू झाल्यानंतर.

तसं जगालाही ते आधीच सुचलेलं होतं. लिनक्सवर केडीई नावाचा डेस्कटॉप आहे. त्याची १.० आवृत्ती १२ जुलै १९९८ ला आली. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे आम्ही अकरा दिवसांनी थोरले, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्या केडीईत सेटिंगच्या पानांसाठी ‘केसीमॉड्यूल’ नावाचा बेस क्लास आहे. पानाकडून तो मुख्यतः तीन कामं मागतो: वाच, जतन कर, मूळपदावर आण. शिवाय काही बदललं की तेवढं कळव, म्हणजे ‘लागू करा’चं बटण जागं होईल. तीन! माझ्या पितामहाला तीन फंक्शनं नाश्त्यालाही पुरली नसती.

पेढीवर सगळं दाखवताना मुनीम नानांनी ‘मूळपदावर आणा’ या बटणावर बोट ठेवलं. “हाई दाबं ते जुनं परत ई का?”

“बिनधास्त दाबा, नाना.”

नानांचं जुनं म्हणजे कालचं. माझं मूळ म्हणजे मी कोडमध्ये लिहिलेलं. दोघांनाही आपलं बरोबर वाटलं.

ऐन हंगामात एके दुपारी अक्षरं चुकून फार मोठी झाली, म्हणून नानांनी ते बटण दाबलं. पितामह मोठ्या मनाचा. त्याने एका पानाऐवजी सहाही पानं मूळपदावर आणली. संध्याकाळी ओल्या मिरचीच्या पट्ट्या छापल्या गेल्या. मजुरी वाटायच्या वेळी एक हमाल कागद घेऊन आला. आपली पोती त्याने चुन्याच्या रेघांनी भिंतीवर मोजून ठेवली होती. कागदावरही तेवढीच होती: पोती बासष्ट, दर शून्य, रक्कम शून्य. गणित अगदी बरोबर होतं.

“आमनं काम फुकट शे का?” त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

ते शून्य कुणी लिहिलं? मीच. द्वेषाने नाही, विचारानेही नाही. आकड्याचा रकाना दिसला की आमचा हात आपोआप शून्य टाकतो. एक्केचाळीस फंक्शनं लिहिताना जपानी पट्टीची काळजी केली, पण बासष्ट पोती वाहणाऱ्या पाठीची आठवण एकदाही झाली नाही.

नानांनी वही काढली. हमालीचा मागचा दर एका सरळ रेघेने खोडलेला, शेजारी नवा दर, त्यापुढे सही. रेघेखालचं जुनं स्वच्छ वाचता येत होतं. मग रात्री दहापर्यंत त्यांनी सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या. मला कॅल्क्युलेटरवर बेरजा करायचं काम दिलं. दोनदा चुकलो.

पितामह आता नाही. ‘सेटिंगपान’ आहे, त्याला चार फंक्शनं आहेत. ‘मूळपदावर आणा’ फक्त आपल्याच पानाला हात लावतं, तेही आधी जुनं आणि नवं शेजारी-शेजारी दाखवून. आणि हमालीच्या दराला मूळ आकडा ठेवलेलाच नाही. तो रकाना कुणीतरी भरेपर्यंत पट्टी छापली जात नाही.