टेलचा खातेदार

सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि सत्यनारायणाच्या प्रसादाप्रमाणे सर्वांना सारख्याच मापाने वाटली जाणारी गौरवाची भाषणे स्वीकारून सरकारी अधिकारी घरी परततो, तेव्हा तो एकटाच परतला अशी त्याच्या कुटुंबीयांची समजूत असते. आणि त्याच्यामागोमाग त्याचे खातेही दप्तरासकट जिना चढून वर आले आहे हे त्यांच्या ध्यानात यायला फार तर पंधरवडा लागतो. कोषागारातला गृहस्थ किराण्याच्या बिलावर तांबड्या शाईने शेरे मारू लागतो, शिक्षण खात्यातला नातवाची वार्षिक तपासणी दर शनिवारी घेतो, आणि महसुलातला जिन्यातल्या चपलांच्या हद्दी कायम करतो. आमच्या डोक्यावर राहणारे साहेब पाटबंधारे खात्यातले. एकतीस वर्षे ज्यांनी कालवे, चाऱ्या आणि दरवाजे यांखेरीज अन्य कशाचे चिंतन केले नाही, त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आपले खाते मांडावे तरी कशावर? नळाला पाणी येते सकाळी दीड तास, आणि त्याच्या वाटपाचे संपूर्ण अधिकार वहिनींकडे. त्यात हस्तक्षेप करण्याचा एक प्रयत्न साहेबांनी केला होता, परंतु त्याचा तपशील या घरात काढला जात नाही.

अशा रिकामपणात मुलाने, वडिलांचे मन रमावे या सद्हेतूने, चार फूट लांबीचे मत्स्यालय आणून दिवाणखान्यात बसवले. वाळू, दगड, एक वाकडे लाकूड, हिरव्यागार पाणवनस्पती, डझनभर मासे आणि खालच्या कपाटात गाळणीचा गोल डबा असा सगळा सरंजाम लावून मुलगा बंगळुरास गेला. जाताना तो आपल्या वडिलांच्या हाती एक संपूर्ण प्रकल्प सोपवून जात आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला वर बोलावले. "मास्तर, हे बघा," म्हणून त्यांनी जे पुढे केले ते मत्स्यालय नव्हते, तर नवी कोरी नोंदवही होती. लांबी चार फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, म्हणजे नऊ घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर ही एकूण साठवण. त्यातून वाळू-दगडांनी अडवलेला मृतसाठा वजा. काठाखाली मोकळा सोडलेला दोन बोटांचा फ्रीबोर्ड वजा. बाकी उपयुक्त साठा 210 लिटर. मग पीकनिहाय तपशील होता. मागच्या भिंतीलगत व्हॅलिसनेरियाच्या लांब पाती, हे बारमाही पीक. मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोरिन, जिचे काही भाईबंद सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या ओढ्यांच्या पात्रात कुणी न लावता वाढतात आणि म्हणून ज्यांना साहेब 'स्थानिक वाण' म्हणत. आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेली अनुबियास, जिला जमीन नाही म्हणून ती भूमिहीन. माशांची नोंद शेवटच्या पानावर एका ओळीत होती. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने पाण्यात राहणारा प्राणी हा आनुषंगिक असतो.

महिनाभर सर्व सुरळीत चालले. नंतर एका सकाळी साहेब स्वतः खाली आले. चेहरा गंभीर, आवाज हलका. "मास्तर, टेलला पाणी पोचत नाही."

ज्यांनी कालव्याच्या गावात वास्तव्य केले नसेल त्यांना या वाक्याचे वजन कळणार नाही. कालव्याच्या मुखाशी ज्याची जमीन तो ऊस लावतो आणि सभेत पुढच्या खुर्चीवर बसतो. शेवटच्या चारीच्या टोकाला ज्याची जमीन तो टेलचा खातेदार. तो नमुना 7 चा अर्ज वेळेवर भरतो, पाणीपट्टीही भरतो आणि पाळी आली की फावडे घेऊन रात्रभर कोरड्या चारीत उभा राहतो, कारण वरच्या बाजूच्या सद्गृहस्थांनी अंधारात चारी फोडलेली असते. शेजपाळीचा नियम असा की पाणी आधी टेलला द्यावे आणि मग मुखाकडे सरकत यावे. नियम अत्यंत न्याय्य आहे, आणि पाणी मात्र मुखाकडूनच येते, एवढीच काय ती अडचण. साहेबांच्या हयातीतल्या तक्रारअर्जांपैकी निम्म्याहून अधिक टेलचेच होते. त्यांतल्या किती अर्जांवर 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असे लिहून त्यांनी ते खाली पाठवले होते, हे त्यांना स्मरत असावे. कारण मत्स्यालयाच्या उजवीकडच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवताना त्यांचा हात किंचित थरथरत होता.

कोपऱ्याची अवस्था खरोखरच शोचनीय होती. क्रिप्टोकोरिनची पाने पिवळी पडून भोके पडलेली, वाळूवर तपकिरी साका बसलेला, आणि त्यावर निळसर हिरवी बुळबुळीत चादर पसरलेली, जी बोटाने उचलली तर सायीसारखी उचलली जावी आणि वास मात्र सायीचा येऊ नये.

चौकशी सुरू झाली. गाळणीच्या खोक्यावर ताशी 1200 लिटर असा दावा छापलेला होता. साहेबांनी नातवाला घड्याळ दिले, स्टुलावर स्टूल रचून 20 लिटरची बादली टाकीच्या काठाच्या उंचीला आणली, परतीची नळी तीत सोडली आणि मला साक्षीदार म्हणून उभे केले. दावा खरा असता तर बादली बरोबर साठ सेकंदांत भरली असती. तिला शंभर लागले. म्हणजे ताशी 720. उरलेले 480 लिटर गेले कोठे? "वहनव्यय," साहेब म्हणाले, आणि एखाद्या जुन्या मित्राचे नाव अनपेक्षितपणे कानी पडावे तसे त्यांचे डोळे चमकले.

मासे विकणाऱ्या दुकानातल्या पोराने मान खाजवत सुचवले की मोटर खाली कपाटात आहे, पाणी चार फूट वर चढवायचे, म्हणून जोर कमी पडतो, काका. या एका वाक्यापायी त्या पोराची ऐन गिऱ्हाइकीची संध्याकाळ वाया गेली. डबा बंद आहे; एका नळीने जेवढे पाणी खाली उतरते तेवढेच दुसरीने वर जाते; उतरणाऱ्याचे वजन चढणाऱ्याला तोलून धरते; मोटर पाणी उचलत नाही, ती ते फिरवते; तिचे भांडण उंचीशी नसून घर्षणाशी आहे, हा सिद्धान्त साहेबांनी त्याला दुकानातल्याच दोन नळ्या घेऊन, वजनकाट्याची उपमा देऊन, शेवटी पावतीच्या मागे आकृती काढून समजावला. पोराने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग नवीन मोटर देऊ?"

घर्षणाचा शोध घेण्यासाठी डबा उघडण्यात आला, व त्याचा रीतसर पंचनामा झाला. तळाच्या बाजूने पाणी आत शिरते तेथेच मुलाने पांढरा कापूस ठासून भरला होता, जो वस्तुतः सर्वांत शेवटी, निवळलेल्या पाण्यावर अखेरचा हात फिरवण्यासाठी असतो. तो चिखलाच्या वडीसारखा घट्ट झाला होता. जाड स्पंज, ज्याने पहिला धक्का सोसायचा, तो वर कोरा करकरीत. शोषणनळीच्या जाळीत व्हॅलिसनेरियाच्या तुटलेल्या पाती अडकलेल्या, आणि गरजेपेक्षा हातभर लांब असलेली नळी कपाटात वेटोळे घालून बसलेली, आतून बोटाला लागेल इतकी शेवाळलेली. साहेबांनी नळी कापून नेमकी केली, लांब दांड्याच्या ब्रशाने आतून घासली, स्पंज खाली, चिनी मातीच्या कड्या मध्ये आणि कापूस वर असा सेवाज्येष्ठतेचा क्रम लावला. बादली पंचाहत्तर सेकंदांत भरली. ताशी 960.

याच सुमारास वहिनींनी, नवऱ्याला हातभार लावावा या निर्मळ हेतूने, तो जाड स्पंज आणि त्या कड्या नळाखाली धरून, पातेली घासतात तशा स्वच्छ धुऊन ठेवल्या. दोन दिवसांत पाणी ताकासारखे गढूळ झाले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. साहेबांनी वहिनींना दिलेले स्पष्टीकरण मी जिन्यात उभा राहून ऐकले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो विषारी. एका टेबलावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या टेबलावरचे त्याचे नायट्रेट करतात, जे मासे सोसतात आणि वनस्पती खातात. हा सगळा कारकूनवर्ग त्या स्पंजात आणि कड्यांत बसून बिनपगारी काम करतो. त्यांना धुवायचेच झाले तर टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत हलकेच पिळून घ्यावे. महानगरपालिकेच्या क्लोरीनच्या धारेखाली धरणे म्हणजे अवघ्या कचेरीची एका सकाळीत बडतर्फी. "बरं," वहिनी म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी तुम्हीच धुवा, आणि मोरीही." नवी भरती होऊन कामकाज पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले, तोवर साहेब एक दिवसाआड बादलीभर पाणी बदलत होते.

परंतु टेल अजून कोरडेच होते. पाणी किती फिरते हा एक प्रश्न आणि ते कोठे फिरते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोटर देते, दुसऱ्याचे कोणी देत नाही. साहेबांना एकदम खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची आठवण झाली. 1916 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत नद्या आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहतात. येथे तर प्रतिकृती दिवाणखान्यातच उभी होती. त्यांनी परतीच्या नळीपाशी पोटॅशियम परमँगनेटचे चार थेंब सोडले. जांभळी रेघ डावीकडून निघाली, मधल्या दगडावर आपटली, वर वळली, आणि पलीकडच्या शोषणनळीने तिला मागच्या कोपऱ्याचे दर्शनही न घेता गिळून टाकले. रेघेचा उरलासुरला अंश तपकिरी होत विरला. "सेंद्रिय भार," साहेब पुटपुटले, पण त्यांचे लक्ष तेथे नव्हते. शोषण एका टोकाला आणि परती दुसऱ्या टोकाला, म्हणजे मुखाशी चारी फोडल्यासारखेच ते झाले होते!

मग दोन्ही नळ्या एकाच बाजूला आल्या, की प्रवाहाने पूर्ण प्रदक्षिणा घालूनच परत यावे. दगड तिरपा झाला. परतीला छिद्रांची आडवी नळी लागली. तिच्यातून पाणी पुढच्या काचेवर जाई, काचेवरून खाली उतरे आणि वाळूवरून मागे परते. पानाभोवती पाण्याचा एक पातळ, न हलणारा थर चिकटलेला असतो, आणि हवेच्या मानाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड दहा हजार पट सावकाश पसरतो. तेव्हा प्रवाहाने तो थर झिजवला नाही तर पान अन्नाच्या ताटापुढे उपाशी बसते, हे साहेब मला सांगत तेव्हा एखाद्या दुष्काळी तालुक्याविषयी बोलावे तसा त्यांचा स्वर असे. पाण्यातल्या या वायूचे माप कळावे म्हणून काचेची एक बुटकी कुपी येते, जिच्यातला निळा द्रव वायू पुरेसा झाला की हिरवा आणि अति झाला की पिवळा होतो. लोक ती दिसेल तेथे लावतात. साहेबांनी ती टेलला लावली.

नातवाने मध्यंतरी जपानच्या ताकाशी अमानो यांच्या मत्स्यालयांची छायाचित्रे आणून दाखवली. जलवनस्पतींच्या रचनेला ज्यांनी निसर्गचित्राची प्रतिष्ठा दिली त्या 2015 साली निवर्तलेल्या कलावंताच्या पाण्याखालच्या कुरणांकडे साहेब बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नळ्या कुठे आहेत?" नातू म्हणाला, नळ्या काचेच्या असतात, दिसू नयेत म्हणून. साहेबांनी चित्र परत केले. "कालवाच दिसायचा नाही? मग उद्घाटन कशाचं करायचं?"

तीन आठवड्यांनी कोपऱ्यातल्या क्रिप्टोकोरिनला नवे पान फुटले, कुपी हिरवी झाली, आणि साहेबांनी मला, वहिनींना व दूध टाकायला आलेल्या मुलाला पेढे दिले. त्या आनंदात एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. टाकीत गुरामीची एक जोडी होती. गुरामी हा संथ पाण्यातला मासा. कल्ल्यांखेरीज वर येऊन हवेचाही श्वास घेणारा, आणि पृष्ठभागाशी बुडबुड्यांचे घरटे बांधून त्यात अंडी ठेवणारा. नव्या प्रवाहाने तो रोज वाहून जाई आणि रोज पोहत कोपऱ्यात परत येई. तेथे तरंगत्या पानाखाली त्याने बांधलेले फेसाचे घरटे तीनदा फुटले. चौथ्यांदा बांधताना साहेबांनी त्याला पाहिले.

त्या रात्री अकराच्या सुमारास वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून मी गेलो. दार उघडेच होते. साहेब आगपेटीच्या काड्यांचे गुल मोडून, त्या काड्या आडव्या नळीच्या टोकाकडच्या तीन छिद्रांत एकेक करून बसवत होते. कोपऱ्यातले पाणी हळूहळू स्थिर झाले. मग त्यांनी हात पुसले, नोंदवही घेतली आणि लिहिले: अर्जदार, गुरामी, नर. जमीन, टेल. मागणी, पाणी बंद करणेबाबत. "एकतीस वर्षांत हा पहिला," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. पुढच्या रकान्यात त्यांनी 'मंजूर' लिहिले, खाली सही केली, तारीख घातली, आणि शिक्क्यासाठी सवयीने टेबलाच्या उजव्या बाजूला हात नेला.