काचपंडित

रत्नागिरीत पावसाने जोर धरला की दुचाकीवाल्यांच्या दोनच जाती उरतात. एक मुकाट्याने भिजत घरी जाते. दुसरी एसटीच्या शेडखाली गाडी लावते आणि पहिल्या जातीच्या हेल्मेटची काच कशी चुकलेली आहे, ते मोठ्याने सांगते. या दुसऱ्या जातीला मी काचपंडित म्हणतो. साळवी स्टॉपला एक असतो, हातखंब्याच्या तिठ्यावर दोन असतात, आणि भाट्याच्या पुलाअलीकडे वारा सुटला की जो थांबेल तो तेवढ्यापुरता काचपंडित होतोच.

गृहस्थ पन्नाशीचा. रेनकोटची पँट घोट्याच्या वर दुमडलेली, मोबाइल दुधाच्या पिशवीत आणि हेल्मेट कोपरात. पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा लोकांनी विरोधी समित्या काढल्या, मोर्चे काढले. आमचा माणूस असल्या दगदगीत पडत नाही. तो कायद्याला मनापासून पाठिंबा देतो आणि हेल्मेट कोपरात अडकवतो. जयस्तंभ जवळ आला की ते डोक्यावर चढतं, मागे पडला की पुन्हा कोपरात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्याला तोंडपाठ आहे. पट्टा बांधलेला हवा, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, २०१९च्या दुरुस्तीत दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन बाद. हे सांगताना हातवारे होतात, त्यामुळे कोपरातलं हेल्मेटही मान डोलावतं.

ते हेल्मेट ‘तात्पुरतं’ आहे. खरं हेल्मेट तो अजून निवडतोय. कधीपासून, ते विचारू नये. त्याच्या मुलीचं स्थळ बघून, लग्न होऊन, नातू चालायला लागला, तरी हा आपला काचेवरच.

कारण त्याच्या मते एका काचेत रत्नागिरीचा पावसाळा भागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पुण्याच्या साधारण चौपट, आणि तोही एका स्वभावाचा नाही. म्हणून त्याची निवड पंचांगावर चालते. मृगाचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा घुसतो, त्याला हनुवटी झाकणारं बंद हेल्मेट. आर्द्रा सरळ कोसळते, तिला काच लांब हवी. पुनर्वसूचा तरणा पाऊस दांडगट, पुष्याचा म्हातारा दिवसभर कुरकुरणारा. या म्हाताऱ्यात काचेवर बाहेरून पाणी कमी आणि आतून वाफ जास्त. मघात ऊन-पाऊस एकत्र, म्हणजे पुन्हा नवा प्रश्न. नवं पंचांग हातात पडलं की लोक मुहूर्त बघतात, हा नक्षत्रांची वाहनं बघतो. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पाऊस भरपूर. “आर्द्रा येणार म्हशीवर बसून आणि आपण स्प्लेंडरवर,” तो सुस्कारा टाकतो. “बरोबरीचा सामनाच नाही हो.”

मग गणित. मोठा थेंब ताशी तीस-बत्तीस किलोमीटरने खाली येतो. तुम्ही पन्नासने पुढे जाताय. आता पायथागोरस लावा. म्हणजे थेंब डोळ्यावर येतो तो ताशी साठच्या आसपास वेगाने, तिरका, टोचत. हे सगळं तो शेडच्या भिंतीवर ओल्या बोटाने काटकोन त्रिकोण काढून दाखवतो. गणित बरोबर आहे. मी घरी करून पाहिलं.

खरी रंगत मात्र वाफेत. श्वास गरम आणि दमट, काच थंड. त्यात जुलैत हवाच पाण्याने इतकी भरलेली की काचेवर बसलेली वाफ उडून जायला जागा नाही. काच बंद केली तर आतून धुकं, उघडली तर डोळ्यांत पाऊस. या पेचावर तो वर्षानुवर्षं जगला आहे. परदेशात काचेला आतून दुसरी पातळ काच लावतात, मध्ये हवेची फट ठेवतात, म्हणून आतली काच गार पडत नाही आणि धुकं धरत नाही. पिनलॉक म्हणतात तिला. काचपंडित ते नाव फार आदराने घेतो. किंमत ऐकल्यावर थोड्या कमी आदराने. मग देशी उपाय निघतात. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून पुसायचा, म्हणजे वाफेचे थेंब न होता पाण्याचा सपाट पापुद्रा होतो आणि पलीकडचं दिसतं. हा उपाय खरोखर चालतो; धुऊन जाईपर्यंत. पण पंडित एका खऱ्या उपायावर थांबला तर पंडित कसला? त्याने टूथपेस्ट घासून पाहिली, काचेवर बारीक ओरखडे उठले. आता रात्री समोरून ट्रक आला की एका दिव्याचे पन्नास दिवे होतात आणि सगळे त्याच्याच अंगावर येतात. ते ओरखडे घालवायला त्याने पेट्रोल लावलं. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. पेट्रोलने जी थोडी शुद्धीवर होती तीही गेली.

तेव्हापासून काच वर करून नुसत्या चष्म्यावर चालवण्याचा पंथ त्याने काढला. आधी गॉगल. पावसाळ्यात चार वाजता निवळीच्या घाटात संध्याकाळ होते, तिथे काळा गॉगल घातल्यावर जे दिसतं ते डोळे मिटूनही दिसतं. मग ‘रात्री स्वच्छ दिसेल’ म्हणून पिवळ्या काचा आणल्या. त्यातून जग हळदीचं दिसतं. उजेड वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. मग मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या कुणा कामगाराकडून पारदर्शक सुरक्षा-चष्मा मागून आणला. तो डोळ्यांना इतका घट्ट बसला की आतली वाफ आतच मुरली. शेवटी नातवाचा पोहण्याचा गॉगल. तो लावून हा महाशय मांडवीच्या रस्त्याने गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता थेट समुद्रातच उतरणार.

आणि हे सगळं पावसासाठी, असं समजू नका. पाऊस बिचारा स्वच्छ असतो. खरा शत्रू पुढच्या ट्रकच्या चाकातून उडणारं तांबडं पाणी. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय की त्या जांभ्याच्या मातीला आता रहिवासी दाखला द्यायला हरकत नाही. ते पाणी काचेवर बसलं की पुसू नये, धुवावं, नाहीतर त्यातली बारीक खडीच काच घासते. हे काचपंडित दहा जणांना सांगतो आणि अकराव्या वेळी स्वतः बाहीने पुसतो.

त्याच्या ज्ञानावर मात्र हसू नये. आयएसआयचा शिक्का १ जून २०२१पासून सक्तीचा झाला, मानक आयएस ४१५१, हे त्याला माहीत आहे. रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांवर तो शिक्का स्टिकरच्या रूपात वेगळाही मिळतो, हेही माहीत आहे. व्हेगा बेळगावची म्हटल्यावर त्याचा ऊर सीमाप्रश्नासकट भरून येतो. हेल्मेट घालून मान जोरात हलवली तर गालाची कातडी बरोबर हलायला हवी, नुसतं हेल्मेट फिरलं तर एक माप लहान घ्या, हे तो दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाची मुंडी धरून शिकवतो. आणि लॉरेन्स ऑफ अरेबियाची गोष्ट तर त्याची हुकमी. १९३५ साली लॉरेन्स मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा डॉक्टर होता. त्याने पुढे मोटारसायकलच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१मध्ये लेख छापला, आणि ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ही गोष्ट तो इतकी रंगवून सांगतो की ऐकणारे आपापलं हेल्मेट चाचपतात. सांगून झाल्यावर तो स्वतःचं कोपरात नीट सरकवतो आणि निघतो.

निघतो तेही ताशी वीसने, रस्त्याच्या डाव्या कडेने, पुढची शेड येईपर्यंत. त्याला पडलेला कुणी पाहिलेला नाही. काच कुठली का असेना, पावसात डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढ्याच वेगाने गाडी हाकणारा इथे तो एकटाच असावा. हे श्रेय त्याला द्यायला हवं, पण त्याच्या तोंडावर देऊ नये. तासभर निघता येणार नाही.

त्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मागच्या वर्षी स्कूटर घेतली. हेल्मेट घ्यायला त्या एकट्याच गेल्या. आयएसआय आहे का, डोक्यात घट्ट बसतं का, काच साधी पांढरी आहे का, ती वेगळी विकत मिळते का. चार प्रश्न, एक हेल्मेट, येताना कोथिंबीर. रंग गुलाबी, बाजूला जास्वंदीचं स्टिकर. घरी आल्या की त्या आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतात, म्हणजे ओल शोषली जाते आणि बुरशी धरत नाही. काकांनी आपलं शेगडीवर वाळत धरलं होतं. आतलं थर्माकोल आक्रसलं.

मग आश्लेषात, तात्पुरतं हेल्मेट निकामी आणि खरं अजून न ठरलेलं अशा अवस्थेत, काचपंडित गुलाबी हेल्मेट घालून हातखंब्याला आला. बोटभर उघडी काच, आतून साबण, बाहेरून ओरखडा नाही. शेडखाली सगळे गप्प. त्याने कुणाला बोलायची संधीच दिली नाही.

“फिकट रंगच घ्या,” तो म्हणाला. “ट्रकवाल्याला लांबून दिसतो. आणि हे फूल दिसतंय ना, ते काढू नका. विचार करून लावलेलं आहे.”